न्यायमूर्ती रानडे आणि नाण्यांची साक्ष

थोर विधिज्ञांच्या व मुत्सद्द्यांच्या मुखाकृती कोरलेली कांस्यपदके अनेक जण हौसेने जमवितात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मात्र जुन्या नाण्यांना इतिहासाचे साक्षीदार मानले.

१८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे त्यांचा जन्म झाला. १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना झाली. १८९३ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. दृष्टी अधू आणि कामाचा व्याप मोठा. तरीही १८९९ साली त्यांनी मराठेशाहीतील नाणी व टांकसाळी यांवर अभ्यासपूर्ण निबंध वाचला.

शिवछत्रपतींच्या होनावर मुखाकृती नाही. ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही नागरी अक्षरे तेवढी आहेत. पुढे आमच्या मुलखाचे राजे नागपूरकर भोसले यांची नाणीही मोगल बादशहाच्या नावाने पडत. सत्ता मराठ्यांची, नाव मात्र बादशहाचे! एवढा इतिहास एका रुपयात सामावलेला असतो.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. आमच्या घरांतील जुनी नाणी सोनाराच्या मुशीत वितळली, तर ही साक्ष कायमची मुकी होईल. मोडीत घालण्यापूर्वी ती आपण एकदा वाचू या.