लोकांची बोलणी खाल्ली, पण खलाशांचे जीव वाचवले : वादळाची आगाऊ खबर देणारे कप्तान फिट्झरॉय

विशेष लेख

वादळ येणार म्हटलं की आपल्या मोबाईलवर अलर्टचा मेसेज येतो. कोकणातल्या बंदरांवर तीन नंबरचा बावटा चढतो. अंदाज चुकला की आपण हवामान खात्याला नावं ठेवून मोकळे होतो. पण सरकारी खात्यानं रोज हवामानाचा अंदाज द्यायचा, वादळाची खबर बंदरावर आधी पोहोचवायची, हे काम ज्यांनी ब्रिटनमध्ये उभं केलं त्या रॉबर्ट फिट्झरॉय यांना त्याची मोठी किंमत मोजावी लागली.

फिट्झरॉय यांचा जन्म ५ जुलै १८०५ चा, इंग्लंडच्या सफोक परगण्यातला. घराणं बडं, आजोबा पंतप्रधान राहिलेले. वयाच्या बाराव्या वर्षी ते नौदलाच्या शाळेत दाखल झाले आणि अवघ्या २३ व्या वर्षी 'बीगल' जहाजाचे कप्तान झाले. याच जहाजातून पुढे चार्ल्स डार्विन यांनी १८३१ ते १८३६ अशी जगाची सफर केली.

दोन खलाशी गेले

जानेवारी १८२९. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ 'बीगल' अचानक वादळात सापडलं. डोलकाठ्या मोडल्या, दोन खलाशी समुद्रात गेले. हवेचा दाब दाखवणारा बॅरोमीटरचा पारा आधीच उतरला होता, पण त्याकडे हवं तेवढं लक्ष दिलं गेलं नव्हतं. त्यानंतर फिट्झरॉय यांनी बॅरोमीटरकडे कधी दुर्लक्ष केलं नाही.

पुढे ते खासदार झाले, न्यूझीलंडचे गव्हर्नरही झाले. १८५४ मध्ये ब्रिटिश सरकारनं हवामानाचं एक छोटं खातं काढलं आणि त्याचा कारभार त्यांच्याकडे दिला. काम एवढंच, की जहाजांवरच्या नोंदी गोळा करायच्या. फिट्झरॉय तेवढ्यावर थांबले नाहीत. गरीब मच्छीमारांच्या बंदरांवर त्यांनी बॅरोमीटर बसवले, पारा कसा वाचायचा हे सोप्या भाषेत लिहून दिलं.

एका वादळात १३३ जहाजं

ऑक्टोबर १८५९ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावर भयंकर वादळ झालं. ऑस्ट्रेलियाहून सोनं आणि माणसं घेऊन येणारं 'रॉयल चार्टर' जहाज घर हाकेच्या अंतरावर आलं असताना वेल्सच्या खडकांवर फुटलं. त्या एकाच जहाजावर सुमारे साडेचारशे माणसं गेली. सगळ्या वादळात १३३ जहाजं बुडाली, जवळपास ८०० जीव गेले.

फिट्झरॉय यांचं म्हणणं साधं होतं. वादळ एका ठिकाणाहून दुसरीकडे सरकतं आणि तार त्याच्यापेक्षा वेगानं धावते. मग खबर आधी का पोहोचू नये? किनाऱ्यावरच्या ठाण्यांहून रोज सकाळी तारेनं वारा, दाब, तापमान यांचे आकडे लंडनला येऊ लागले. फेब्रुवारी १८६१ मध्ये वादळाचे पहिले इशारे गेले. बंदरावर खांबाला कापडाचे शंकू आणि पिंपं टांगायची, रात्री कंदील. अक्षरओळख नसलेल्या मच्छीमारालाही लांबूनच कळायचं. १ ऑगस्ट १८६१ पासून वर्तमानपत्रात रोजचा अंदाजही छापून येऊ लागला. हे ज्योतिषाचं भाकीत नव्हे, म्हणून त्यांनी त्याला 'फोरकास्ट' हा शब्द ठरवून वापरला.

खर्च कुणाचा, जीव कुणाचा?

अंदाज काही वेळा चुकले, आणि टीका सुरू झाली. तारांचा खर्च फार होतो, असं खासदार म्हणू लागले. बावटा लागला की होड्या बंदरात राहतात, धंदा बुडतो, अशी मालकांची ओरड. शास्त्रज्ञ म्हणत, याला शास्त्राचा पाया नाही. होडीवर जाणारा खलाशी मात्र खांबाकडे बघूनच निघत होता. बुडणार तर तोच होता ना!

टीका, ढासळलेली तब्येत आणि मनाची उदासी यांनी फिट्झरॉय खचले. ३० एप्रिल १८६५ रोजी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. सरकारी कामात पदरचे पैसे घातल्यामुळे घरच्यांसाठी फारसं काही उरलं नव्हतं. त्यांच्यासाठी वर्गणी काढावी लागली, डार्विन यांनी १०० पौंड दिले.

१८६६ मध्ये अंदाज आणि इशारे दोन्ही बंद झाले. बंदरांवरून तक्रारी वाढल्या आणि वर्षभरातच वादळाचे इशारे परत सुरू करावे लागले. रोजचे अंदाज १८७९ मध्ये परतले.

आपल्याकडे १८६४ च्या कलकत्त्याच्या चक्रीवादळानं आणि नंतरच्या दुष्काळांनी डोळे उघडले, १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळात सुमारे १० हजार माणसं गेली. २०१३ च्या फायलिन वादळाआधी लाखो लोकांना हलवलं, तेव्हा मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. ३ जून २०२० ला 'निसर्ग' श्रीवर्धनजवळ धडकलं, तेव्हाही आधी हलवल्यामुळे मोठी जीवितहानी टळली. सुपारी-नारळाच्या बागा, घरांचे पत्रे, विजेचे खांब मात्र गेले.

बागा आणि खांब इशाऱ्यानं उचलून नेता येत नाहीत, त्यामुळे वादळाचं बिल वाढतंच आहे. त्या बिलातून माणसांचे जीव तेवढे वगळता येतात. म्हणून पुढच्या वेळी बावटा चढला आणि वादळ आलंच नाही, तर एक दिवसाची मजुरी बुडाली म्हणा, पण त्याच्या पुढचा बावटा बघायला विसरू नका.