खिळे घासणारे जावजी

महाड-पोलादपूरकडचा वारकरी वरंध घाट चढून आळंदीला निघाला म्हणजे खांद्यावरच्या पडशीत दुसरे काही असो नसो, टाळ आणि फडक्यात गुंडाळलेली पोथी असतेच. पोथी छापील. पूर्वी तसे नव्हते. हाताने लिहून घेतलेली ज्ञानेश्वरी ज्याच्या घरी, तिथे गावाने जायचे आणि ऐकायचे. गरिबाच्या पडशीत माउली आली ती छापखान्यामुळे, आणि त्या छापखान्याच्या अक्षरांसाठी ज्यांनी जन्म घालवला त्यांतले एक जावजी दादाजी चौधरी.

आमच्याकडची पोरे पूर्वी सावित्रीच्या गलबतातून बाणकोटमार्गे मुंबईला जात. मिसरूड फुटण्याआधीच कुणी गोदीत, कुणी गिरणीत, आणि नशिबाचा असेल तो एखाद्या कारागिराच्या हाताखाली. जावजी मुंबईतच 1839 साली जन्मले, तेव्हा त्यांना गलबत लागले नाही; पण वाट तीच. घर गरिबीचे, शाळा बेताची. दहाएक वर्षांचे पोर अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. तिथे टॉमस ग्रॅहम नावाचे साहेब देवनागरी खिळे पाडण्यात मोठे वाकबगार होते. जावजींना काम मिळाले ते खिळे घासण्याचे.

खिळा म्हणजे छापायचे शिशाचे अक्षर. आधी पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा. ठसा तांब्यावर ठोकला की साचा झाला. साच्यात शिसे आणि इतर धातूंचा तापलेला रस ओतला की खिळा निघाला. पण निघालेला खिळा खरखरीत असतो. तो घासून सारखा करावा लागतो, आणि ते काम सर्वांत खालच्या पोराचे.

खालचे म्हणून हलके म्हणाल तर चुकाल! आपल्या अक्षरांना डोक्यावर रेघ आहे. शेजारशेजारचे दोन खिळे अंगाला अंग लावून बसले नाहीत तर ती रेघ तुटते आणि शब्द फुटका दिसतो. एक खिळा तसूभर नव्हे, केसभर उंच राहिला तर तो कागदात रुततो आणि शेजारचा पुसट उठतो. पुसट वेलांटीचे काय होते ते वाचणाऱ्याला विचारा. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे बापडा. वेलांटी नीट उठली नाही तर ओवीचा अर्थच फिरला. टाळकऱ्याचा एक टाळ चुकला तर भजन सावरून घेता येते, छापलेली चूक मात्र हजार घरी जाते.

त्या काळी छापील पोथीबद्दल लोकांच्या मनात किंतू होता. शाईत चरबी असते, असल्या शाईची पोथी देव्हाऱ्यात कशी ठेवावी? हा प्रश्न आज आम्हाला हसू आणील, पण तेव्हा तो खरोखरीचा होता, आणि मुंबईत गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घालून धर्मग्रंथ छापले ते त्यासाठीच. 1845 साली बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर काढली. पुढे खिळ्यांचे युग आले.

मिशनच्या छापखान्यानंतर जावजींनी टाइम्स, इंदुप्रकाश, ओरिएंटल असे छापखाने पाहिले. त्याच इंदुप्रकाशातून 1869 आणि 1873 साली तुकोबारायांची गाथा दोन भागांत बाहेर पडली, हे आमच्या वाचकांस ठाऊक असावे. पण जावजी तोवर तिथून निघाले होते. 1864 साली त्यांनी खिळे पाडण्याचा स्वतःचा कारखाना घातला. जोडीला राणू रावजी आरू, अक्षर कोरण्यात त्यांचा हात धरणारा विरळा. मालक एक आणि हुन्नर दुसऱ्याचा असे बहुधा असते आणि मग भांडणे होतात. इथे मालकानेच खिळे घासलेले. कोरणाऱ्याच्या बोटांचे मोल त्याला कुणी समजावून सांगायला नको होते.

1869 साली निर्णयसागर छापखाना उभा राहिला. त्याची अक्षरे इतकी ठसठशीत आणि शुद्ध की पंडितांनी निर्णयसागरची प्रत म्हटले की डोळे मिटून घ्यावी. 1886 पासून काव्यमाला निघू लागली आणि कुठकुठल्या हस्तलिखितांतली संस्कृत काव्ये त्यातून बाहेर आली. शुद्ध करायला पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्यासारखे शास्त्री बसलेले. जावजी स्वतः शास्त्री नव्हेत. त्यांनी शास्त्र्यांना पदरी ठेवले आणि किंमत मात्र बेताची ठेवली, हे आम्हाला त्यांच्या साऱ्या कर्तृत्वात मोठे वाटते. ज्ञानेश्वरीही पुढे या छापखान्यातून निघाली.

1892 साली जावजी वारले. आता खिळे गेले, साचे गेले, अक्षर संगणकावर उमटते. घासणारे पोरही नाही. पण कुणाच्या माळ्यावर निर्णयसागरचा जुना ग्रंथ असेल तर काढून पहिले पान पाहावे. जावजींमागे मुलाने छापखाना चालवला, त्याचे नाव तिथे असते, तुकाराम जावजी. आणि त्याहून अलीकडची प्रत हाती लागली तर तिच्यावर छापलेले असते, पांडुरंग जावजी.