कोशकार नोहा वेब्स्टर

इंग्रजी शिकणाऱ्यांवर ज्याचे मोठे उपकार आहेत, त्या नोहा वेब्स्टर याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो.

त्याचा जन्म सन १७५८ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट प्रांती एका शेतकऱ्याच्या घरी झाला. मुलास येल येथे शिकविण्यासाठी बापाने आपले शेत गहाण टाकिले. पुढे नोहा शाळामास्तर झाला. मुलांची अडचण पाहून त्याने सन १७८३ मध्ये स्पेलिंगाचे पुस्तक छापिले. त्यात सोपे शब्द आधी व कठीण शब्द मागून, तुकडे पाडून व उच्चार दाखवून दिले होते. त्याच्या लाखो प्रती खपल्या.

नंतर सुमारे वीस वर्षे झटून त्याने मोठा कोश रचिला, व त्यासाठी उतारवयात अनेक भाषांचा अभ्यास केला. शब्दांची मुळे सांगताना तो पुष्कळदा चुकला; परंतु अर्थ त्याने फार नेमके दिले. सन १८२८ मध्ये सुमारे ७०,००० शब्दांचा तो कोश निघाला, तेव्हा तो सत्तरीस पोहोचला होता. कोश फारसा खपला नाही; तरी दुसऱ्या आवृत्तीसाठी त्याने आपले घर गहाण टाकिले. सन १८४३ मध्ये तो मरण पावला.

बापाचे शेत व लेकाचे घर, दोन्ही विद्येपायी गहाण पडली. आपल्या मुलांस शाळेतून काढण्यापूर्वी आपण हे आठवावे.