मिठावरून माणसांची गणती

गडचिरोली जिल्ह्यात मार्कंड्याच्या देवळांपासून पुढे चामोर्शी, मुलचेरा भागात गेले की बंगाली बोलणारी गावे लागतात. पूर्व पाकिस्तानातून परागंदा झालेल्या कुटुंबांना सरकारने इथे वसवले. अशा लोकांना धान्य, पाणी, लस पुरवायची तर आधी कळावे लागते, माणसे आहेत किती? जिथे यादीच नसते तिथे मोजायचे कसे, याचे शास्त्र भारतात रुजवले प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी.

२९ जून १८९३ रोजी कोलकात्यात त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला ते भौतिकशास्त्र शिकले. परतताना मात्र 'बायोमेट्रिका' या संख्याशास्त्राच्या नियतकालिकाचे अंक घेऊन आले आणि त्यातच रमले. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत असतानाच १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था काढली. बंगालमधल्या तागाच्या पिकाचा अंदाज घेताना त्यांनी सगळी शेते न मोजता चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही तुकडे निवडले. एकाच भागात दोन पथके स्वतंत्रपणे पाठवायची आणि त्यांचे आकडे ताडून पाहायचे, ही त्यांची खास युक्ती. आकड्यांत फार तफावत दिसली, की मोजणीत गडबड आहे हे तिथेच उघडे पडे. १९४३ च्या दुष्काळानंतर बंगालमधली किती कुटुंबे जमीन विकून देशोधडीला लागली, हेही त्यांनी नमुना पाहणीने शोधले.

मग फाळणी झाली. दंगलींमुळे दिल्लीच्या लाल किल्ल्यात हजारो माणसे आश्रयाला आली. आत जाऊन डोकी मोजणे शक्य नव्हते आणि धान्य पुरवणारे ठेकेदार सांगतील तो आकडा मानावा लागत होता. तेव्हा महालनोबिसांच्या संस्थेशी दीर्घकाळ संबंधित असलेले जे. एम. सेनगुप्ता यांनी तोडगा सुचवला. रोज लागणारे तांदूळ, डाळ आणि मीठ यांना माणशी लागणाऱ्या प्रमाणाने भागायचे. तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आली. तांदळावरून आलेला आकडा सर्वांत फुगलेला, मिठावरून आलेला सर्वांत लहान. मीठ इतके स्वस्त, की त्याचा हिशेब फुगवून ठेकेदाराला काय मिळणार! म्हणून मिठाचा आकडा खरा धरला. हुमायूनच्या मकबऱ्यातल्या निर्वासितांसाठीही हीच रीत वापरली, आणि तिचे उत्तर प्रत्यक्ष संख्येच्या जवळ निघाले. छावणीतले शौचकूप असोत की पटकीची लस, आकडा फुगला तर माल वाया जातो, आणि तो कमी धरला तर साथ पसरते.

१९४७-४८ मध्ये संस्थेने पश्चिम बंगालमधल्या निर्वासितांचीही पाहणी केली. छावणीबाहेर, नातेवाइकांकडे राहिलेली माणसे रेशनच्या हिशेबात येत नाहीत. त्यांच्यासाठी घरोघर जाऊन विचारणाऱ्या नमुना पाहणीला पर्याय नसतो. १९५० मध्ये महालनोबिसांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. १९७१ मध्ये सुमारे एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले, छावण्यांत पटकी पसरली. पुढच्याच वर्षी, २८ जून १९७२ रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी महालनोबिस गेले.