सावित्रीमाईंची शुश्रूषा आणि आमच्या ऊसतोड मायबहिणी

क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचे नाव निघाले की शाळा, पाटी आणि अंगावर फेकलेले शेण एवढेच लोकांना आठवते. नांदूरघाटच्या जयंतीतही वक्ते तिथेच थांबतात. पण त्या शिक्षिकेचा शेवट शाळेत नाही, प्लेगच्या दवाखान्याच्या कामात झाला. आम्ही बीड जिल्ह्यातले असल्यामुळे हे मुद्दाम सांगतो आहोत.

३ जानेवारी १८३१ रोजी नायगावला खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वयाच्या नवव्या वर्षी लग्न झाले. जोतीरावांनी त्यांना शिकवायला घेतले, सोबत सगुणाबाई क्षीरसागर होत्या. पुढे नगरला मिस फॅरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण पूर्ण केले. आमच्या भाषणांतून नेमकी हीच गोष्ट गळते. नवऱ्याने सांगितले आणि बाई फळ्यापुढे उभी राहिली, असे झालेले नाही. शिकवायचे कसे हे त्या आधी शिकल्या आणि १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा उभी राहिली. १८४९ साली या कामापायी सासऱ्याचे घर सुटले.

त्यांच्या शाळांतून काय निघाले? मुक्ता साळवे ही मांग समाजातील चौदा वर्षांची मुलगी. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे हाल होतात, हे तिने लिहिले. वेद कुणाचे हा प्रश्न तिने विचारला हे आपण सांगतो, बाळंतिणीचे मात्र विसरतो. अस्पृश्य स्त्रीच्या शरीराचे दुःख त्याच स्त्रीच्या लेकीने शाळेत शिकून जगापुढे मांडले!

१८५६ साली सावित्रीमाई स्वतः आजारी पडल्या आणि नायगावला माहेरी राहिल्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात आपल्यामागे कामाचा भार फातिमावर पडला असेल, ही काळजी आहे.

१८६३ साली फुले दांपत्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांची बाळंतपणे एका माळी बाईने केली. त्यांतल्याच एका विधवेचा मुलगा यशवंत या दांपत्याने दत्तक घेतला, शिकवला, डॉक्टर केला. १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला झाला. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधकांनी अन्नछत्रे चालवली. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा टिटवे सावित्रीमाईंनी धरले आणि १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपदही भूषवले.

मग १८९७ चा प्लेग आला. ४ फेब्रुवारीला इंग्रज सरकारने साथरोगांचा कायदा केला. वकील म्हणून आम्ही तो वाचला आहे. त्यात अधिकार भरपूर, शुश्रूषेचा शब्द शोधावा लागतो. सावित्रीमाईंनी यशवंतला बोलावून हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या या माउलीने त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्याच पुण्यात त्याच साली २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. पाठ्यपुस्तकांना रँड पाठ आहे, पांडुरंग नाही.

१८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्यांना. बरोबर शंभर वर्षांनी, १९७३ च्या एका छायाचित्रात, रोझा पार्क्स योगासने करताना दिसतात. आज तिथल्या कृष्णवर्णीय भगिनी योगशिक्षिकांची प्रशिक्षणे स्वतः चालवतात, कारण गोऱ्यांच्या वर्गात त्यांच्या पिढीजात जखमांची दखल नव्हती. योगाचे आम्हांला फारसे कौतुक नाही. शिकवणारी कोण, हा खरा प्रश्न आहे.

बीड जिल्ह्यात तो आणखी टोकदार होतो. २०१९ साली शासनाच्या समितीसमोर आलेल्या आकडेवारीनुसार ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. आमच्याकडे याला पिशवी काढणे म्हणतात. मुकादमाची उचल अंगावर, पाळीत खाडा झाला की पैसे कापले जातात, आणि डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. या बाईला तिचे शरीर समजावून सांगणारे वस्तीत कुणीच नव्हते.

दसरा झाला की टोळ्या हलतात. ३ जानेवारीला आणि १० मार्चलाही आपल्या या मायबहिणी फडात असतात. जयंतीच्या मंडपात त्या नसतातच. म्हणून नांदूरघाट परिसरातील बौद्ध आणि मातंग वस्त्यांतील कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की, कार्यक्रम भाद्रपदातच घ्या. वस्तीतल्या शिकलेल्या सुना-लेकींना अनुभवी परिचारिकांकडून रीतसर शिकवून घ्या आणि टोळी निघण्यापूर्वी प्रत्येक टोळीतील बायकांशी त्यांना बोलू द्या. दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय पिशवी काढायची नाही, आणि सोनोग्राफीचे व ऑपरेशनचे कागद नवऱ्याकडे वा मुकादमाकडे न देता बाईने स्वतःच्या पेटीत ठेवायचे. कोर्टात तेच कागद लागतात.