बिनइंजिनाची आगगाडी करणारे जेकब समुदा

जेकब समुदा यांचा जन्म १८११ साली लंडन येथे झाला. त्यांचे घराणे ज्यू होते. आपल्या रायगड जिल्ह्यातही ज्यू लोक फार पूर्वीपासून राहत. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे.

जेकबचे वडील व्यापारी होते. पण जेकबला यंत्रांची आवड. तो एका इंजिनियरच्या हाताखाली काम शिकला. इंग्लंडमधल्या अगदी पहिल्या ज्यू इंजिनियरांत त्यांचे नाव घेतात. १८३२ साली धाकटा भाऊ जोसेफ याच्याबरोबर त्यांनी कारखाना काढला. तिथे बोटींची इंजिने बनत. पुढे ते लोखंडी बोटीही बांधू लागले.

दोघा भावांनी आणि सॅम्युएल क्लेग यांनी मिळून एक अजब आगगाडी शोधून काढली. तिला इंजिनच नव्हते! रुळांच्या मधोमध एक जाड लोखंडी नळी टाकलेली असे. नळीत दट्ट्या, आणि तो वरच्या डब्याला जोडलेला. पुढे लांब एक मोठे यंत्र नळीतली हवा ओढून घेई. मग मागची हवा दट्ट्याला ढकले, की गाडी पळाली. मला आधी समजले नाही. मग गुरुजी म्हणाले, शहाळ्यात नळी घालून ओढतोस ना, तसंच हे. नळीला वरून लांब चीर होती, तिच्यावर चामड्याची पट्टी व चरबी लावत.

१८४४ साली आयर्लंडमध्ये डॉल्की गावाला ही गाडी माणसे नेऊ लागली. चढावर हवेने जायची आणि येताना उतारावरून आपोआप यायची. मला त्या गाडीत बसावंसं वाटतं.

पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वाईट झाले. जिप्सी क्वीन नावाच्या त्यांच्या नव्या बोटीची थेम्स नदीत चाचणी होती. जेकब स्वतः खाली यंत्रापाशी उभे होते. वाफेचा सांधा एकदम फुटला. उकळती वाफ अंगावर आली. त्यात ते आणि काही कामगार मेले. ते फक्त ३३ वर्षांचे होते.

जोसेफने कारखाना बंद केला नाही. हवेची गाडी काही टिकली नाही, कारण चामडे खराब होऊन हवा आत शिरायची. डॉल्कीची गाडी १८५४ साली बंद झाली. बोटी मात्र खूप झाल्या. १८७७ साली जपानसाठी फुसो नावाची लोखंडी लढाऊ बोट तिथेच पाण्यात सोडली. जोसेफ १८८५ साली वारले. कारखाना होता तिथे आता घरांची वसाहत आहे, तिला समुदा हेच नाव आहे.

इयत्ता ४ थी