विश्लेषण : नाकावाटे मेंदूच्या तळाशी... हार्वे कुशिंग यांनी रुळवलेली वाट त्यांनीच का सोडली?

मेंदूच्या तळाशी, नाकामागच्या हाडाच्या खोबणीत वाटाण्याएवढी पिट्युटरी म्हणजेच पीयूषिका ग्रंथी असते. तिथली गाठ आज बहुतेकदा नाकातूनच काढतात. ही वाट रुळवणाऱ्यांत अमेरिकी शल्यविशारद हार्वे कुशिंग यांचे नाव अग्रभागी आहे.

कुशिंग कोण होते?

८ एप्रिल १८६९ रोजी ओहायोतील क्लीव्हलँडमध्ये, डॉक्टरांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. हार्वर्डला वैद्यकशास्त्र शिकत असताना त्यांनी ईथरची भूल दिलेला एक रुग्ण दगावला. शिक्षण सोडावे, असेही त्यांच्या मनात येऊन गेले. पुढे सहाध्यायी अर्नेस्ट कॉडमन यांच्यासह त्यांनी भूल दिलेल्या रुग्णाच्या नोंदींचा तक्ता तयार केला. १९०१ मध्ये इटलीतील रिव्हा-रोच्ची यांचे रक्तदाबमापक त्यांनी अमेरिकेत नेले.

नाकाची वाट कुठून आली?

ऑस्ट्रियात हर्मन श्लोफर यांनी १९०७ मध्ये नाक बाहेरून उघडून अशी पहिली शस्त्रक्रिया केली. कुशिंग यांनी वरच्या ओठाच्या आतून छेद घेऊन, नाकाच्या पडद्यालगत खोल जाण्याची पद्धत बसवली. चेहऱ्यावर व्रण राहत नसे. १९१० ते १९२५ दरम्यान त्यांनी अशा २३१ शस्त्रक्रिया केल्या. मृत्यूचे प्रमाण ५.६ टक्के होते. ना सूक्ष्मदर्शक, ना प्रतिजैविके, उजेडासाठी कपाळावरचा दिवा. त्या काळात हा आकडा थक्क करणारा होता.

मग अडचण काय?

अरुंद, खोल भुयार आणि त्यात भरणारे रक्त. ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या. रक्तस्राव रोखण्यासाठी कुशिंग यांनी १९११ मध्ये चांदीच्या चिमुकल्या क्लिपा आणल्या. १९२६ मध्ये विल्यम बोव्ही यांच्या विद्युत उपकरणाने रक्तवाहिन्या जाळून बंद करणे त्यांनी सुरू केले. कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत त्यांचा हात बसला होता, शिवाय तिथून दृष्टीच्या नसा थेट दिसत. दशक संपेपर्यंत त्यांनी नाकाची वाट जवळपास सोडली आणि इतर अनेकांनीही.

ती टिकली कशी?

कुशिंग यांच्याकडे शिकलेल्या नॉर्मन डॉट यांनी एडिनबर्गमध्ये ती चालू ठेवली. त्यांच्याकडून पॅरिसचे जेरार्ड गियो शिकले आणि गियो यांच्याकडून माँट्रियलचे ज्यूल्स हार्डी. हार्डी यांनी १९६० च्या दशकात त्यात सूक्ष्मदर्शक आणला. १९३९ मध्ये निधन झालेल्या कुशिंग यांना हे पाहता आले नाही. त्यांनी १९३२ मध्ये वर्णन केलेल्या आणि आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारावर आता सहसा याच वाटेने शस्त्रक्रिया होते.

आता नाकातून रक्त आले तर?

पहिले काही दिवस थोडे रक्तमिश्रित पाणी येणे नेहमीचे. मोठा रक्तस्राव कमी जणांना होतो, पण तो रुग्ण घरी गेल्यावर, आठवड्या-दोन आठवड्यांनीही होऊ शकतो. तो बहुधा नाकाच्या मागच्या भागातील धमनीच्या फांदीतून येतो. त्यामुळे नुसते नाक चिमटून थांबेलच असे नाही. अशा वेळी डोके मागे न टाकता पुढे झुकून बसावे आणि लगेच रुग्णालय गाठावे. तिथे नाकात पॅक भरतात किंवा दुर्बिणीने पाहून ती फांदी बंद करतात. शस्त्रक्रियेनंतर जोराने नाक शिंकरणे, जड उचलणे टाळावे. रक्त पातळ करणारी औषधे कधी सुरू करायची, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.